तुमच्या दारातलं वाचन

विमलताई, दशक्रियेच्या दिवशी रामकुंडावर तुमच्या राजेंद्रचं मुंडण केलेलं डोकं बघून मला वाटलं, ते दोन्ही हातांनी धरावं आणि पाण्याखाली दाबून ठेवावं. बुडबुडे थांबेपर्यंत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. तो रडत होता. खोटं नाही, खरंच रडत होता, नाक गळत होतं त्याचं, आणि शेजारच्या बायका म्हणत होत्या, बघा, आईवर किती जीव. मी पायरीवर उभी होते. हातात तुमच्यासाठी ओवलेला झेंडूचा हार होता. त्याची फुलं मी एकेक करून चिरडत होते. घरी आले तेव्हा नखं पिवळी झाली होती.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंदा, हात खाली." मी हात खालीच ठेवले. पण तुमचं ऐकून नाही, गर्दी होती म्हणून.

तुम्ही आमच्याकडे आलात त्या बालवाडीच्या बाई म्हणून. मखमलाबादच्या पुढची आमची वस्ती, सगळी फुलाभाजीची माणसं. दुपारी आम्ही बायका शेडमध्ये बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचे हार ओवायचो. बालवाडी सुटली की तुम्हीही तिथे येऊन बसायचात, कारण तुमच्या भाड्याच्या खोलीचा पत्रा तापलेला असायचा. एक दिवस म्हणालात, "बायांनो, तुमचे हात कामात आहेत, कान रिकामे आहेत. कान मला द्या." आणि पिशवीतून पुस्तक काढलंत.

"वाचा, वाचा," हिरा म्हणाली होती. "तेवढाच नवऱ्याचा आवाज कानातून जाईल."

त्याचंच पुढे वाचन मंडळ झालं. ना पाटी, ना वर्गणी. तुम्ही पुस्तक फिरवायचात, जिला येईल तिने पान वाचायचं. माझ्यापर्यंत आलं की मी ते तव्याचा चटका लागल्यागत पुढच्या बाईकडे सरकवायचे. अक्षरं मला येत होती. चौथीपर्यंत शाळेत होते, मग फुलं तोडायला हात कमी पडले. पण चारचौघांत माझा आवाज निघत नसे. मी मागे बसायचे, फुलांच्या ढिगाच्या आडोशाला. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. पुस्तक मिटताना फक्त म्हणायचात, "मंदाचं वाचन बाकी आहे." वर्षानुवर्षं म्हणालात. कुणीतरी उसनी वाटी परत केली नाही, पण राग नाही, अशा सुरात.

हिराच्या घरातून तो आवाज आला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. हिरा त्या दिवशी शेडमध्ये आली नव्हती. मोटरचा जुना पट्टा अंगावर बसतो तेव्हा कसा आवाज होतो हे आमच्यातल्या बहुतेकींना माहीत होतं, म्हणून कोणी मान वर केली नाही. सुई फुलातून जात होती, पलीकडे पट्टा बसत होता, आणि दोन्हींचा एकच ठेका झाला होता. तुम्ही वाचता वाचता थांबलात.

"हे काय चाललंय?"

सुलभा म्हणाली, "रोजचंच आहे, ताई. वाचा तुम्ही." सुलभाचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. तीसुद्धा असं म्हणाली.

तुम्ही उठलात. पुस्तक झेंडूच्या ढिगात पडलं. शेडच्या दाराशी फवारणीच्या औषधाचं खोकं होतं, त्यातला माहितीचा कागद तुम्ही जाता जाता ओढून घेतलात. का घेतलात असं मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणालात, "रिकाम्या हाताने गेले असते तर मी त्याला मारलं असतं."

हिराच्या ओट्यावर तुम्ही मांडी घातलीत आणि बालवाडीत सांगता तशा मोठ्या आवाजात सुरू केलंत. "फवारणी करण्यापूर्वी ही माहिती पूर्ण वाचावी. हे औषध विषारी आहे. उपाशीपोटी फवारणी करू नये."

आतला पट्टा थांबला. हिराचा नवरा बाहेर आला. पट्टा हातातच होता.

"काय चाललंय?"

"वाचन."

"हितं कशाला?"

"इथे उजेड बरा आहे. तुमचं चालू द्या. आम्ही आमचं वाचतो."

तोवर आम्ही एकेक करून ओट्याशी येऊन बसलो होतो. तुम्ही एक ओळ वाचायचात आणि आम्ही बालवाडीतल्या पोरांसारखी ती मागे म्हणायचो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. अंगावर उडाल्यास साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. रिकामी बाटली फोडून जमिनीत पुरावी. माझे नुसते ओठ हलत होते. सगळ्यात खणखणीत आवाज तुमच्या राजेंद्रचा होता. शाळेतून आला होता तो, दप्तर पाठीवर घेऊन तुमच्या मांडीला मांडी लावून बसला होता. शेवटची ओळ होती, "विषबाधा झालेल्या माणसाला एकटे सोडू नये." ती झाली, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत.

शिव्या देणाऱ्या माणसाला काय करायचं हे हिराच्या नवऱ्याला माहीत होतं. फवारणीची माहिती वाचणाऱ्या बायकांना काय करायचं, हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. त्याने पट्टा भिरकावला आणि रस्त्याकडे निघून गेला. मग हिरा बाहेर आली. तोंड रक्ताने भरलेलं, पुढचा दात मुठीत. ओट्यावर थुंकली आणि म्हणाली, "कागद बराबर निवडला, बाई. किडीचाच हाय."

त्यानंतर तीच आमची रीत झाली. जिच्या कानावर पडेल तिने कागद घेऊन त्या ओट्यावर बसायचं आणि पहिली ओळ मोठ्याने वाचायची. ती ओळ ज्यांच्या कानावर जाईल त्यांनी हातातलं टाकून यायचं. एरवी तो कागद कुणी काढायचा नाही, चेष्टेतसुद्धा नाही. एकदा सुलभा शेडमध्ये सहज ती ओळ बोलून गेली तर तुम्ही तिच्यावर केवढ्या चिडलात. "ही ओळ नुसती म्हणायची नसते. ही म्हटली की उठायचं असतं."

आणि एक दिवस ती माझ्या दारात वाचली गेली.

यांनी ठिबकची नळी घेतली होती. कारण आता मला आठवत नाही, यांनाही आठवत नसेल. काळी, वेटोळी नळी, उन्हात तापलेली. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला नळीपेक्षा कागदाची भीती वाटत होती, ताई. पण पदर माझ्या तोंडात होता, नळीचं तोंड कोण बंद करणार. हिराने ऐकलं. बाहेर तुमचा आवाज सुरू झाला, फवारणी करण्यापूर्वी, आणि मग सगळ्यांचा. यांचा हात वरच्या वर थांबला. आणि मी भिंतीला टेकून, पाठीतून रक्त येत असताना, मनात म्हटलं, ही बाई मरो. आत्ता, माझ्या ओट्यावर, मरून पडो.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये आले नाही. तुम्ही घरी आलात.

"रागावलीस?"

"मला विचारायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग म्हणूनच विचारलं नाही."

पुढे यांनी अगदीच हात उचलला नाही असं नाही. पण उचलण्याआधी दाराकडे बघायला लागले. बघायला लागलेल्या माणसाचा हात हलका होतो. आज हे बाहेर खाटेवर खोकत बसले आहेत आणि मी आत हे लिहिते आहे. काय लिहितेस असं विचारत नाहीत.

तुमचं माझं दुसरं भांडण हिरावरून झालं. वाचनाने हिराचा नवरा काही दिवस सुधारायचा, परत घसरायचा. एकदा त्याने तिचा हात चुलीत धरला. तिने दुसऱ्या हाताने वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड बाहेर आलं. आम्ही कागद घेऊन पोचलो तेव्हा तो कोंबडी कापल्यासारखा ओरडत होता आणि हिरा हातावर पाणी ओतत होती. तुम्ही तिच्याशी किती दिवस बोलला नाहीत. मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, "ताई, वाचून वाचून त्याचं मनगट मोडलं नसतं." तुम्ही म्हणालात, "आज त्याचं मनगट, उद्या तिचा गळा. सुरू झालं की कुठे थांबणार?" मी म्हटलं, "सुरू कधीच झालंय की." तो माणूस मरेपर्यंत वाकड्या मनगटाने जगला, हिरा त्याला घास भरवायची आणि मध्येच म्हणायची, "पट्टा देऊ का हातात? धरून बघा." माझं अजून असं आहे की हिराचं बरोबर होतं. तुमचं मत काय झालं असतं शेवटी, कोण जाणे.

मग शेड गेली. मळ्यांचे प्लॉट पडले, बिल्डिंगा आल्या. सुलभा लग्न होऊन देवळाली कॅम्पला गेली, फौजीची बायको झाली. हिरा नवऱ्यामागे चांदवडला लेकीकडे राहायला गेली. राजेंद्रला कॉम्प्युटरची नोकरी लागली, त्याने इंदिरानगरला फ्लॅट घेतला आणि तुम्हाला नेलं. तिथल्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात, असं तुम्ही म्हणायचात. तुम्हाला वाटत होतं मंडळ संपलं.

आणि राजेंद्रनेच ते जोडून दिलं. हे लिहिताना हात अडतो, पण खरं ते लिहायला हवं. त्याने दर शनिवारी संध्याकाळी इंटरनेटवरून आपल्याला एकत्र बसवलं. तुम्ही त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर, सुलभा तिच्या क्वार्टरमध्ये, हिरा चांदवडच्या सायबर कॅफेत नातीच्या मदतीने, आणि मी आमच्या रस्त्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, पोरं गेल्यावर. कुणाचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज. कानाला ते हेडफोन लावले की तुम्ही डोक्याच्या आत वाचता आहात असं वाटायचं. इतक्या जवळून तुम्हाला मी शेडमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं. तुम्ही विचारायचात, "मंदा आहे का?" मी माइकवर बोटाने टकटक करायचे. हिरा म्हणायची, "आली सुतारपाखरू." आणि शेवटी तुम्ही न चुकता, "मंदाचं वाचन बाकी आहे."

राजेंद्रचे उपकार कसे फेडावेत असं मला झालं होतं. म्हणून आमच्या उरलेल्या तुकड्यातली पहिली वांगी निघाली ती घेऊन मी सकाळीच इंदिरानगरला आले. दाराला कडी नव्हती.

त्याने तुमच्या सुनेचे, मनीषाचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं भिंतीवर आपटत होता. एकदा आपटून थांबत होता, काहीतरी विचारत होता, परत आपटत होता. लग्नात जिच्या हातावर मी मेंदी काढली ती मुलगी. तुम्ही दोघांच्या मध्ये घुसलात. त्याचं कोपर तुमच्या तोंडावर बसलं. ते चुकून असेल. मग त्याने तुमच्याकडे बघितलं आणि मूठ वळून तुम्हाला मारलं. ते चुकून नव्हतं. तुम्ही गॅसच्या ओट्यावर आदळलात आणि खाली बसलात. माझी पाटी हातातून पडली, वांगी स्वयंपाकघरभर लोळली. त्याने वळून पाहिलं, शर्ट सारखा केला.

"या ना, मंदाकाकू. आईचा तोल गेला जरा."

आणि बॅग घेऊन ऑफिसला गेला. मनीषा खाली बसून वांगी गोळा करायला लागली. एकेक वांगं पुसत होती.

मी म्हणाले, "आज संध्याकाळी सगळ्यांना घेऊन येते."

तुम्ही ओला टॉवेल ओठावर धरला होता. मान हलवलीत. नाही.

"का नाही?"

"नाही म्हटलं ना, मंदा."

मग माझ्या तोंडातून जे निघालं ते मला आजही माझं वाटत नाही. आयुष्यभर मी तुम्हाला तुम्ही म्हटलं. त्या दिवशी ओरडून म्हटलं, "माझ्या दारात वाचलंस तेव्हा तू मला विचारलं होतंस का?"

मनीषाचा हात वांग्यावर थांबला. तुम्ही टॉवेल बाजूला केलात. ओठ फाटून दोन झाले होते.

"तो त्या ओट्यावर माझ्या शेजारी बसून वाचायचा, मंदा," तुम्ही म्हणालात. "सगळ्यांत मोठ्याने. त्याच्यासमोर तो कागद मी कसा काढू? मग माझं काय राहिलं?"

"तुझं काय राहिलं ते राहू दे. हिचं काय राहील?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही. शपथ आहे तुला माझी."

"कुठला कागद, आई?" मनीषाने विचारलं.

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग मीच तिला सांगितलं. हिराचा ओटा, माझा ओटा, पहिली ओळ वाचली की काय करायचं असतं. तुम्ही थांबवलं नाहीत. नंतर तिने चहा केला, आपण तिघींनी प्यायला. तुम्हाला तो गरम चहा ओठावर झोंबत होता आणि तरी तुम्ही कप खाली ठेवत नव्हता. आपली ती शेवटची भेट.

पुढच्या शनिवारी तुम्ही फाटक्या ओठाने वाचलंत. हिराने विचारलं, "आवाज असा का येतोय?" तर म्हणालात, दाढ काढली. मी टकटक केली नाही त्या दिवशी. तुम्हीही, मंदा आहे का, असं विचारलं नाहीत. हेडफोनमध्ये आपण दोघी गप्प होतो आणि बाकीच्यांना वाटत होतं वाचन चाललंय. तुमचं हृदय आधीपासूनच दुबळं होतं, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. एका सकाळी ते थांबलं. त्यात कुणाचा हात नव्हता. तो दोष मी त्याच्यावर घालत नाही, बाकीचे पुरेसे आहेत.

दशक्रियेला मनीषा तुमच्या फोटोजवळ बसली होती. उकाड्याने बायका पदराने वारा घेत होत्या आणि तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होता. मी तिच्याजवळ बसले. ती हळूच म्हणाली, "काकू, आता मध्ये कुणी नाही."

एवढंच. मी घरी येऊन विळा धुतला, पुसला, धार बघितली. परत ठेवला. परत काढला. तुम्ही नेहमी सांगायचात, मंडळात विळा आणायचा नाही. पण तुमचं मंडळ कुठे होतं आता, आणि तुमची शपथ माझ्या गळ्यात होती.

सुलभाने ठरवलं की तुमच्या आठवणीचं वाचन शनिवारीच करायचं, इंटरनेटवर, प्रत्येकीने आपल्या आवडीचं पान. राजेंद्र म्हणाला, जरूर, मी सगळं जोडून देतो, सुरुवातही मीच करतो. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसले. हेडफोन लावले. तो बोलला. छान बोलला. आईने मला अक्षर दिलं, म्हणाला. आईने मला माणूस केलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. त्याच्या तोंडात तापलेला चिमटा घालून जीभ ओढावी असं मनात येत होतं, आणि तो जिथे गहिवरला तिथे माझेही डोळे भरत होते, कारण दप्तरवाला तो पोरगाही मला दिसत होता. दोन्ही एकदम होत होतं. तुम्हाला हेच होत असेल का, ताई? रोज?

मग हिराने नातीच्या धड्यातलं पान वाचलं, अडखळत. मग सुलभा एका दिवाळी अंकातली गोष्ट वाचू लागली. सुलभा वाचताना स्वतःत रमते, तिला बाकी काही ऐकू येत नाही. मला येतं. मी आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलंय. राजेंद्रचा माइक चालू राहिला होता. सुलभाच्या आवाजाखाली मला स्टीलचं भांडं पडलेलं ऐकू आलं. मग त्याचा दबका आवाज, "सगळे ऐकतायत ना, अक्कल नाही का?" मग तो आवाज. पट्ट्याचा नाही, नळीचा नाही. उघड्या हाताचा. आणि मग काहीच नाही. मनीषाने पदर तोंडात घातला असणार. मला माहीत आहे तो पदर कसा लागतो.

सुलभाची गोष्ट संपली. ती म्हणाली, "आता मंदाताई. की टकटकच?" हिरा हसली.

तेव्हा मला तुमचे शब्द आठवले. मी जिवंत असेपर्यंत. तुम्ही तुमची शपथ तुमच्याबरोबर घेऊन गेला होतात, आणि मी येडी ती अजून गळ्यात घालून बसले होते.

मी माइक तोंडाशी ओढला. कागद जवळ नव्हता. लागणारही नव्हता.

"फवारणी करण्यापूर्वी," मी म्हणाले, आणि आवाज फाटला. परत म्हणाले. "फवारणी करण्यापूर्वी ही माहिती पूर्ण वाचावी."

हेडफोनमध्ये नुसती खरखर. मग राजेंद्र म्हणाला, अगदी हळू, "मंदाकाकू, आज नको." म्हणजे त्याला कळलं होतं. कळणारच. तो कागद त्याला माझ्याआधी पाठ झाला होता.

"का नको रे, राजा?" चांदवडहून हिराचा आवाज आला. त्यात हसू नव्हतं. "वाच मंदे. हे औषध विषारी आहे."

"हे औषध विषारी आहे," सुलभा म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. तिलाही उमगलं, कुणाचं दार ते.

मी वाचत गेले आणि दोघी मागे म्हणत गेल्या. उपाशीपोटी फवारणी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठला असेल, किंवा बंद करायला वाकला असेल. मी घाई केली. शेवटच्या ओळीवर आले. "विषबाधा झालेल्या माणसाला एकटे सोडू नये." हिराने म्हटलं. सुलभाने म्हटलं. आणि मग अगदी माइकजवळ, श्वास लागलेला, चौथा आवाज. "विषबाधा झालेल्या माणसाला एकटे सोडू नये." मनीषा.

मग लाइन तुटली.

पहिली ओळ वाचली की उठायचं असतं. आम्ही उठलो. अंधार पडायच्या आत मी इंदिरानगरला पोचले. जाताना आमच्या गोठ्याच्या कोनाड्यातून कागद तेवढा घेतला, घड्यांवर फाटलेला. विळ्याकडे बघितलं आणि तिथेच ठेवला. सुलभा नवऱ्याच्या मोटरसायकलवरून आली, तो खाली गेटशी थांबला. हिराला यायला वेळ लागला. ती मिळेल त्या गाडीला हात करून आली होती. तिने पिशवी तुमच्या दारासमोर ठेवली तेव्हा फरशीवर दगड आपटल्यासारखा आवाज झाला.

"काय आहे गं त्यात?"

"वरवंटा. राहायची वेळ आली तर चटणी वाटायला लागंल," हिरा म्हणाली.

तुमचं माझं भांडण अजून मिटलेलं नाही, ताई, ते असं पिशवीत बसून तुमच्या दारात आलं.

आम्ही जिन्याच्या चौकात मांडी घालून बसलो. मी पुढे, त्या दोघी बाजूला. मागे जागा मोकळी होती. मी वाचायला लागले. तुमच्यासारखा आवाज नाही माझा, घोगरा आहे. पण बिल्डिंगमध्ये आवाज घुमतो. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, खालचं उघडलं. मग राजेंद्रने उघडलं. डोक्यावर खुरटे केस उगवायला लागले होते. तुमचे डोळे आहेत त्याचे.

"काकू, सोसायटी आहे ही. लोक राहतात इथे."

"म्हणून तर," हिरा म्हणाली. "आमच्या मळ्यात ऐकायला माणसंच कमी होती."

मला वाटलं तो मारेल. माझ्या हातात फक्त कागद होता, आणि मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, रिकामे राहू नयेत म्हणून. तो आमच्याकडे बघत उभा राहिला. आम्ही वाचत राहिलो. अंगावर उडाल्यास साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. त्याचे ओठ हलले. मी पाहिलं. तो मागे म्हणत होता की शिवी देत होता ते मला कळलं नाही आणि मी ते ठरवणारही नाही. मग तो आत न जाता जिना उतरून गेला. हिराच्या नवऱ्यासारखाच, रस्त्याकडे.

आज ना उद्या तो परत येईल. हिरा तिथेच मुक्काम टाकून आहे. मनीषाच्या भावाला सुलभाने कळवलंय. दर संध्याकाळी मी जाते. पुढचं काय, ते मला माहीत नाही, तुम्हालाही कधी माहीत नसायचं. तुम्ही म्हणायचात, आजचं वाचन आज.

पण त्या संध्याकाळचं एवढं सांगायचं राहिलं. तो उतरून गेल्यावर मनीषा बाहेर आली. कानशील सुजलं होतं. आमच्या पुढे आली नाही, बाजूला बसली नाही. भिंतीच्या कडेने जाऊन मागे बसली, माझ्या पाठीच्या आडोशाला, जिथे फुलांचा ढीग असायचा तिथे. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वळून बघितलं तर तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. हिरा, सुलभा माझ्याकडे बघत होत्या, की आता काय. आणि मी म्हणाले, तुझ्याच सुरात म्हणाले बघ, विमलताई, "मनीषाचं वाचन बाकी आहे."